चट्ट्याची भाषा

सेलू हे वर्धा-नागपूर मार्गावरचे तालुक्याचे गाव. या परिसरात अंगावर चट्टा उमटला की मनात पहिली शंका येई ती कुष्ठरोगाची. त्या शंकेला इतिहास आहे. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेला आरंभ केला. १९३९ मध्ये संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आजारी अवस्थेत सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश करीत. पुढे १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन उभे राहिले. डॉ. वारदेकरांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षण, लोकशिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री रूढ झाली. कार्यकर्ते घरोघर जाऊन चट्टा बधिर आहे का, हे पाहू लागले. त्वचेचे वाचन हा येथे सार्वजनिक कार्यक्रमच झाला.

परंतु त्वचा केवळ कुष्ठरोगाचीच बातमी देत नाही. १८७४ मध्ये लंडनचे शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी सुमारे पंधरा स्त्रियांची हकीकत नोंदवली. स्तनाग्रावर इसबासारखा न बरा होणारा विकार, आणि फार तर दोन वर्षांत त्याच स्तनात कर्करोग. पुढे १८९० च्या सुमारास पोलिट्झर व यानोव्स्की यांनी मान, काखा येथील मखमली काळवंडीचे वर्णन केले. काही रुग्णांत तिच्या मागे जठराचा कर्करोग असतो, हे नंतर उमगले. अमेरिकेतील रॉचेस्टरच्या रुग्णालयात सिस्टर मेरी जोसेफ शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे पोट स्वच्छ करीत. ज्याच्या बेंबीत कठीण गाठ लागे, त्याच्या पोटात कर्करोग पसरलेला आढळे, हे त्यांच्या ध्यानात आले. १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली यांनी त्या गाठीला त्यांचे नाव दिले. तोवर त्यांना जाऊन दहा वर्षे झाली होती.

परिचारिकेला हे दिसले, याला माझ्या मते अर्थ आहे. ज्याचा हात त्वचेला लागतो, त्यालाच त्वचा बोलते. सेवाग्रामच्या मालिशीतही हेच सूत्र होते.

आपल्याकडे या दोन व्याधींना जोडणारे नाव वसंत रामजी खानोलकर यांचे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे संचालक असलेले हे विकृतिशास्त्रज्ञ कर्करोग आणि कुष्ठरोग या दोहोंचे अभ्यासक होते. घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाने कमरेच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद त्यांनी १९४५ मध्ये केली.

येथे एक सावधगिरी हवी. मानेची काळवंडी बहुतेकांत स्थूलपणा वा मधुमेहाकडे बोट दाखवते, कर्करोगाकडे नव्हे. मात्र उतारवयात ती झपाट्याने वाढली, तळहात वा ओठांवर पसरली आणि वजन घटू लागले, तर तपासणी टाळू नये. प्रौढ वयात पापण्यांवर जांभळट लाली आणि मांड्या-दंडांत अशक्तपणा एकत्र आला, तरी तेच.

खरा धोका दोन्हीकडे सारखाच आहे. कुष्ठरोगाच्या कलंकाने माणसांना चट्टा पदराआड झाकायला शिकवले, आणि झाकलेल्या त्वचेची साक्ष उशिरा ऐकू येते. १९६९ पासून सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे सेलूकरांना जवळच तज्ज्ञ आहेत. दत्तपूरने या जिल्ह्याला चट्ट्याकडे घृणेविना पाहण्याचा धडा दिला. तो धडा कुष्ठरोगापुरता राखून ठेवण्याचे कारण नाही.