बॅटरी वारंवार उतरते? बदलण्यापूर्वी तपासा

सकाळी कामावर निघताना मोटरसायकलचा सेल्फ दाबावा आणि नुसताच 'टक्' असा आवाज यावा, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. अशा वेळी थेट नवी बॅटरी बसवून घेण्याकडे कल असतो. मात्र दोष चार्जिंग यंत्रणेत किंवा वायरिंगमध्ये असेल, तर नवी बॅटरीही काही दिवसांतच उतरते आणि खर्च वाया जातो. बॅटरीची क्षमता संपणे, ती पुरेशी चार्ज न होणे आणि गाडी बंद असताना वीज झिरपणे, ही तीन प्रमुख कारणे होत. साध्या डिजिटल मल्टिमीटरने ती वेगवेगळी ओळखता येतात.

प्रवास किती?
वाकोल्याहून कलिना किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात जाणाऱ्यांचा प्रवास जेमतेम काही किलोमीटरचा, तोही बहुधा कोंडीतून होणारा. सेल्फ मारताना खर्च झालेली वीज भरून येण्यासाठी इंजिन काही काळ वेगात फिरावे लागते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असताना सतत पेटलेला असतो. त्यामुळे सिग्नलवर उभ्या गाडीत चार्जिंगसाठी फारशी वीज उरत नाही. गाडीत दोष नसेल, तर आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवणे किंवा चार्जर लावणे एवढाच उपाय पुरतो.

पहिली चाचणी : बॅटरी
बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर तशीच ठेवावी व सकाळी व्होल्टेज मोजावे. १२ व्होल्टच्या निरोगी बॅटरीत ते १२.६ ते १२.८ असते, १२.४ च्या खाली गेल्यास बॅटरीविषयी शंका घ्यावी. सेल्फ मारताना ते १० च्या बरेच खाली कोसळत असेल, तर बॅटरी बाद होत आली असे समजावे. मात्र त्याआधी टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट भुकटी साफ करून स्क्रू घट्ट करावेत. ढिली जोडणीही हुबेहूब अशीच लक्षणे दाखवते.

दुसरी चाचणी : चार्जिंग
इंजिन सुरू करून रेस वाढवावी आणि बॅटरीच्या टोकांवरील व्होल्टेज पाहावे. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाल्यास यंत्रणा ठीक आहे. रेस वाढवूनही आकडा १३ च्या वर जात नसेल, तर मॅग्नेट कॉइल, रेक्टिफायर किंवा त्यांच्यामधील कनेक्टर तपासून घ्यावा. आकडा १५ च्या वर गेल्यास रेक्टिफायरमधील नियंत्रक बिघडलेला असतो आणि अतिरिक्त चार्जिंगने बॅटरी आतून सुकते.

तिसरी चाचणी : झिरपणारी वीज
चावी बंद करून बॅटरीची ऋण वायर सोडवावी आणि ती वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या जागी जोडावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये; मीटरचा फ्यूज उडतो. घड्याळासाठी काही मिलीअँपिअर वीज खर्च होणे स्वाभाविक आहे. परंतु ५० मिलीअँपिअरची गळती ५ अँपिअर-अवरची बॅटरी १०० तासांत, म्हणजे चार दिवसांत रिकामी करते. अशा वेळी एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजने आकडा घसरतो, त्याच मार्गात दोष असतो. नंतर बसवलेले अलार्म, मोबाइल चार्जर व जादा दिवे हे यातले नेहमीचे संशयित.

पावसाळ्यात जपा
वाकोला नाला मिठी नदीला मिळतो तो परिसर सखल आहे. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या कनेक्टरमध्ये ओल शिरून गंज चढतो. पाणी ओसरल्यावर कनेक्टर उघडून ते कोरडे करून घ्यावेत.

धक्क्याचा भरवसा नाही
१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर बहुतेक नव्या मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन आले. त्यांचा इंधनपंप विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण उतरल्यास अशी गाडी धक्का मारूनही बहुधा सुरू होत नाही. म्हणूनच सेल्फ जड फिरू लागताच तपासणी करावी.

बॅटरी बदलावीच लागली, तर जुनी कचऱ्यात टाकू नये. तिच्यात शिसे व आम्ल असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळी ठेवून विक्रेत्याकडे अथवा संकलन केंद्रात देणे ग्राहकाचे कर्तव्य आहे.