दारूकाम : डोळ्यांसाठी की कानांसाठी?

चवथ आली की गोव्यात घराघरात माटोळी बांधली जाते, घुमट-शामेळ बाहेर निघतात आणि आरती संपते न संपते तोच अंगणात फटाके वाजू लागतात. मग दरवर्षीचा वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, ही परंपरा आहे; दुसरी म्हणते, हे प्रदूषण आहे. नोकरीनिमित्त डिचोली आणि पेडणे या दोन्ही तालुक्यांत वावरताना आम्हाला वाटत आले आहे की, मुळात परंपरा कशाची होती हे आधी तपासावे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेतील संशोधक प. कृ. गोडे यांनी 1953 साली भारतातील आतषबाजीचा इतिहास मांडला. त्यातून दिसते की शोभेची दारू आपल्याकडे काही शतके जुनी आहे. एकनाथ महाराजांच्या 1571 मधील ‘रुक्मिणी स्वयंवरा’त लग्नसोहळ्याच्या वर्णनात ती येते. पेशव्यांच्या बखरीतील हकिकत तर फार रंजक आहे. कोट्याच्या दिवाळीत ‘दारूची लंका’ करतात, हनुमंताची शेपटी पेटते आणि लंका जळते, असे महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना सांगितले. पेशव्यांना ते पाहावेसे वाटले आणि पर्वतीच्या पायथ्याशी तसा देखावा झाला. हे दारूकाम होते ते पाहण्यासाठी! ते एका ठिकाणी आणि ठरलेल्या वेळी होई, आणि सारा गाव ते एकत्र बघे.

आपल्याकडे याची खूण डिचोली तालुक्यात सापडते. साखळीजवळच्या विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटीच्या काठी माणसांचा पूर लोटतो. पाण्यावर दिवे, सजवलेल्या नौका, त्रिपुरासुराचा वध आणि आकाशात दारूकाम! ज्याच्या घरी फुलबाजीला पैसे नाहीत, त्यालाही ते तेवढेच दिसते. मात्र याच वाळवंटीच्या पाण्यावर पडोशाचा जलप्रकल्प चालतो, म्हणून दुसऱ्या दिवशी काठ साफ करणे हाही उत्सवाचाच भाग मानला पाहिजे.

मग बिघडले कुठे? तमिळनाडूतील शिवकाशीचा फटाका उद्योग 1940 नंतर वाढत गेला. फटाके स्वस्त झाले, घरोघर पोचले, आणि पाहण्याची वस्तू ऐकण्याची झाली. शेजाऱ्यापेक्षा आपली माळ लांब हवी, ही ईर्षा आली. त्यात आम्हीही निर्दोष नाही. लहानपणी पहाटे उठून न वाजलेले फटाके वेचण्यात आम्ही कोणालाच पुढे जाऊ दिले नाही. पण गेल्या चवथीत शेजारचे आजारी आजोबा मध्यरात्री कानांवर उशी दाबून बसलेले पाहिले, आणि हातातली माळ पेटवावीशी वाटली नाही.

कायदा स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाचे फटाके बंद केले. 2018 मध्ये माळांवर आणि बेरियमयुक्त फटाक्यांवर बंदी आली. हे बेरियम हिरव्या रंगासाठी वापरतात आणि त्याचा धूर आपल्याच श्वासात जातो.

पेडण्यात प्रश्न आणखी नाजूक आहे. मोरजी आणि मांद्रेच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात. गावकरी आणि वनखाते मिळून गेली पंचवीसहून अधिक वर्षे ती घरटी राखत आहेत. उजेड आणि गोंगाट झाला तर मादी अंडी न घालताच समुद्रात परतते. पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात, म्हणून कृत्रिम प्रकाशाने त्यांची वाट चुकते. आणि नेमक्या याच दिवसांत 31 डिसेंबरची आतषबाजी किनारपट्टीवर उडते. त्यातली परंपरा कोणाची, हे वाचकांनीच सांगावे.

दारूकामाला मोकळे आकाश आणि अंतर लागते. डिसेंबर 2025 मध्ये शेजारच्या बार्देशात, हडफडे येथे बंदिस्त नाइटक्लबमधील आगीत 25 जणांचा बळी गेला, तेव्हा आत केलेल्या आतषबाजीकडेच बोट दाखवले गेले. छताखाली ठिणगी नको, हे सांगायला एवढी किंमत मोजावी लागायला नको होती.

परंपरा बदलली तर ती बुडते, अशी भीती अनेकांना वाटते. त्यांनी घुमटाकडे पाहावे. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे मढवत. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिले आणि बकऱ्याचे कातडे आले. घुमट बंद पडले का? उलट 2019 मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला.

म्हणून मंडळाला आमची नम्र सूचना आहे. यंदा विसर्जनाला घरोघरच्या माळा नकोत. सर्वांच्या वर्गणीतून मोकळ्या मैदानात, रात्री 10 च्या आत, फक्त प्रकाशाचे दारूकाम करावे. आजारी माणसांना आधी कळवावे आणि सकाळी मैदान आपणच झाडावे. बाप्पाला निरोप देताना आवाज हवाच असेल, तर आपले घुमट आहेच.