देशावरचे इंजिन, खारी हवा

पिंपरी-चिंचवडच्या शेजारच्या खडकीत १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. विहिरीवरचे इंजिन म्हणून महाराष्ट्राने हे नाव ओळखले. पण किर्लोस्करांची इंजिने पुढे नौकांवरही चढली. चिंचवडला ग्रीव्हजच्या कारखान्यातही डिझेल इंजिने घडली. डिझेल इंजिन कोकणात उतरले आणि कोळी, दालदी बांधवांची वाऱ्याची वाट पाहणे संपले. मात्र एक नवी काळजी पदरी आली. ती गंजाची.

त्यासाठी लाटेचे पाणी इंजिनावर उडायलाच हवे असे नाही. खारी हवा पुरते. हवेतले मीठ लोखंडावर बसते. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की हे मीठ हवेतले पाणी शोषून विरघळू लागते. कोकणचा पावसाळा याहून ओला. शिवाय रात्री लोखंड गार पडले की त्यावर दव धरते. पावसाळी बंदीत नौका किनाऱ्यावर विसावते, गंजाला मात्र सुट्टी नसते.

या शत्रूशी माणसाने फार पूर्वीपासून झुंज दिली आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने ब्रिटिश आरमाराच्या तांबे मढवलेल्या जहाजांना जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तुकडे झिजले, तांबे वाचले. पण तांबे विरघळेना, तसे त्याचे विषही पाण्यात उतरेना. मग त्यावर शेवाळ आणि शिंपले माजले, जहाजे मंदावली. आरमाराने तो उपाय सोडला. पुढे पोलादी जहाजे आली आणि तोच उपाय कामी आला. आज समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या अनेक इंजिनांत जस्ताची कांडी असते. दुसऱ्या धातूसाठी ती स्वतः झिजते. म्हणून तिला रंग लावायचा नाही आणि ती निम्मी झिजली की बदलायची.

पण ही कांडी पाण्याखाली राखण करते, हवेतल्या ओलीपुढे तिचे काही चालत नाही. तिथे साधी शिस्तच हवी. तळाशी साचलेले पाणी उपसावे. इंजिन थंड झाल्यावर, विजेच्या जोडण्या सांभाळून, गोड्या पाण्याच्या फडक्याने मीठ पुसावे, कोरडे करावे, उघड्या लोखंडावर तेलाचा हात फिरवावा. वारा खेळता ठेवावा. प्लास्टिकने घट्ट गुंडाळले तर ओल आतच कोंडते. डिझेलची टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत पाणी धरत नाही.

नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून नौका पुन्हा समुद्रात लोटतात. जुन्या होडीला निदान शीड होते. आज भरसमुद्रात इंजिन बंद पडले, तर खलाशांचा जीव टांगणीला लागतो. कारखान्यातून बाहेर पडलेल्या इंजिनाचे आयुष्य पुढे तांडेलाच्या हातातल्या कोरड्या फडक्यावर अवलंबून असते.