पाचगणीचा फर्रोख आणि उल्हासनगरची कॅसेट

गेल्या रविवारी माळा आवरताना एक जुनी कॅसेट सापडली. झेरॉक्स काढलेलं कव्हर, त्यावर बॉलपेननं लिहिलेलं 'मि. बॅड गाय'. 1994 साली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना उल्हासनगर तीन नंबरला घेतलेली. तिथल्या मालावरच्या 'यूएसए'चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जोक तुम्हाला माहीत असेलच. आमची कॅसेटही त्याच अमेरिकेतली :)

ती घेऊन मी उड्या मारत बदलापूरला मावसभावाकडे गेलो. दादा म्हणजे कट्टर प्रोग रॉकवाला. येस, जेनेसिस आणि क्वीनचे सुरुवातीचे अल्बम. (क्वीनला प्रोग म्हणावं का यावर लोक अजून भांडतात, पण 1974 चा 'क्वीन टू' ऐकून मग भांडा.) दादानं अर्धी बाजू ऐकली आणि स्टॉपचं बटण दाबलं. "हे माणसानं नाही, मशीननं वाजवलंय. घेऊन जा." मला फार लागलं. मी नुकतीच कॉम्प्युटरला ॲडमिशन घेतली होती ना...

आता त्याच्या बाजूनंही बोलायला हवं. क्वीनच्या 1973 च्या पहिल्या अल्बमवर चक्क छापलंय की यात कोणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही. ब्रायन मेच्या गिटारचे थरावर थर ऐकून लोकांना तो सिंथ वाटायचा, म्हणून हा खुलासा. अशा बँडचा गायक 1985 मध्ये सिंथनं भरलेला सोलो अल्बम काढतो म्हटल्यावर भक्तांना ती फितुरीच वाटणार.

पण हा गायक मुळात कोण? फर्रोख बुलसारा, जन्म 1946, झांझिबार. पारशी घर. शिकायला आला तो आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. तिथं पाच पोरांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड होता आणि हा त्यात पियानो वाजवायचा. गाणी क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची, म्हणजे सरळ नाचायची. 1964 च्या क्रांतीनंतर कुटुंब झांझिबार सोडून इंग्लंडला गेलं आणि पुढे फर्रोखचा फ्रेडी मर्क्युरी झाला. माझं मत असं की नाचायचं संगीत त्याच्यात रॉकच्या आधीपासून होतं. अल्बम करताना तो घरीच परतला.

बरं, म्युझिकलँड स्टुडिओ. म्युनिकमधल्या एका हॉटेलच्या तळघरात जॉर्जिओ मोरोडरनं काढलेला. डॉना समरचं 'आय फील लव्ह' (1977) या मोरोडरचंच. त्यात जवळजवळ सगळं सिंथवर, ठरवून दिलेले सूर मशीन न थकता वाजवतंय. आमच्या भाषेत, लूप! क्वीननं 1980 च्या 'द गेम'मध्ये सिंथ पहिल्यांदा वापरला तोही इथंच, माक नावाच्या निर्मात्याबरोबर. 1984 मध्ये फ्रेडीनं मोरोडरबरोबर 'लव्ह किल्स' केलं आणि 29 एप्रिल 1985 ला 'मि. बॅड गाय' आला, निर्माते माक आणि तो स्वतः. अकराही गाणी त्याचीच. ब्रिटनमध्ये अल्बम सहाव्या नंबरपर्यंत गेला, अमेरिकेत आपटला. अडीच महिन्यांनी, 13 जुलैला, तो लाइव्ह एडच्या स्टेजवर क्वीनबरोबर उभा होता. मग सोलो अल्बमची आठवण कोण ठेवतो?

अल्बम ग्रेट आहे का? नाही. ड्रमचा आवाज पत्र्यासारखा, काही गाणी उगाच लांबलेली. 2019 मध्ये नवं मिक्सिंग झालं, त्यात बरंच सुधारलंय. पण 'देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस' लावा. एवढ्या मशीनमध्ये एक माणूस किती एकटा वाटू शकतो ते कळतं.

फ्रेडी नोव्हेंबर 1991 मध्ये गेला. 1995 साली क्वीनचा 'मेड इन हेवन' आला आणि दादा वेडा झाला. त्यातलं 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' तर तो दिवसभर लावायचा. "बघ, याला म्हणतात गाणं!"

मी फक्त एवढंच सांगितलं की दादा, हा आवाज 1985 चाच आहे. त्याच सोलो अल्बममधला. बाकी तिघांनी मशीन काढून खाली गिटार आणि ड्रम नव्यानं वाजवलेत.

दादा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "ती कॅसेट ठेव इथं."

दोन वर्षांनी परत मिळाली तेव्हा पहिली बाजू पार घासलेली होती.