मृदंगाची तयारी

डिसेंबरच्या मध्यावर तमिळ पंचांगातील मार्गळि महिना सुरू होतो आणि चेन्नई शहरातील संगीतसभा सकाळपासून रात्रीपर्यंत गजबजून जातात. मैफिलीत एक वेळ अशी येते, की गायक मुख्य कृती आटोपून थांबतो आणि सारे व्यासपीठ मृदंगाच्या स्वाधीन होते. या स्वतंत्र वादनाला ‘तनि आवर्तनम्’ म्हणतात. दहापंधरा मिनिटांचाच हा प्रकार. आणि गंमत अशी, की काही श्रोते नेमके याच वेळी कॉफीसाठी उठतात. जे बसून राहतात त्यांना मात्र ठाऊक असते, की या थोड्या मिनिटांमागे कित्येक वर्षांची मेहनत उभी आहे.

आपण एखाद्या वादकाला ‘तयारीचा’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात बहुधा त्याचा वेगवान हात असतो. मृदंगाची तयारी हातापासून सुरू होत नाही. ती जिभेपासून सुरू होते. विद्यार्थी प्रथम बोल म्हणावयास शिकतो. तीन मात्रांसाठी ‘तकिट’, चारांसाठी ‘तकदिमि’, पाचांसाठी ‘तकतकिट’, सातांसाठी ‘तकिटतकदिमि’. हाताने ताल धरून हे बोल तो तीन गतींत म्हणतो. ताल आपल्या जागी अढळ राहतो आणि बोल दुपटीने, चौपटीने धावू लागतात. जो बोल तोंडाने स्वच्छ म्हणता येत नाही तो बोटांतून स्वच्छ निघणार नाही, अशी या शिक्षणाची मूळ श्रद्धा आहे. ‘त, दि, तोम्, नम्’ ही आरंभीची अक्षरे वाद्यावर घोटण्यात कित्येक महिने जातात. पुढे याच अक्षरांतून मोहरा आणि कोर्वै यांच्या रचना उभ्या राहतात. कोर्वै तीनदा वाजते आणि गाण्याचा मुखडा जेथून उठतो नेमक्या त्या ठिकाणी येऊन पोचते. अर्ध्या मात्रेची चूकही तेथे लपत नाही.

यानंतरचा पल्ला कानाचा आहे. कर्नाटक संगीताच्या मैफिलीपूर्वी गायक आणि साथीदार यांनी एकत्र बसून तालीम करण्याची प्रथा सहसा नाही. पुढे कोणती कृती येणार हे मृदंगवादकाला अनेकदा ती सुरू झाल्यावरच कळते. म्हणून शेकडो कृती त्याला चालीसह मुखोद्गत असाव्या लागतात. शब्द कोठे संपतो, स्वर कोठे रेंगाळतो, कोठे हात हलका करावा आणि कोठे स्वस्थ बसावे, हे ज्याला उमगले तोच साथीला बसण्यास योग्य झाला.

चेन्नई हे या विद्येचे आजचे घर असले, तरी तिचे माहेर तंजावूर आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तेथे भोसल्यांची राजवट स्थापन केली. ती १८५५ पर्यंत टिकली. तिच्याबरोबर मराठी कीर्तनही कावेरीकाठी गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूर कृष्ण भागवतार यांनी त्याच कीर्तनाच्या आधारे तमिळ देशातील हरिकथेला घाट दिला. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते त्या हरिकथेत शिरली. कथेत गद्य, पद्य, हास्य, करुण असे सारेच झपाट्याने पालटते. त्यामुळे साथ करणाऱ्याचा हात आणि कान दोन्ही चपळ असावे लागतात. या वातावरणात घडलेले नारायणस्वामी अप्पा हे मराठी मृदंगवादक. तंजावूर बाणीच्या आद्य पुरुषांत परंपरा त्यांना मान देते. आपल्याकडे पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, तेथे मृदंगाला परंपरेने भिजवलेला रवा लावतात. पखवाज ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे नाते ओळखावयास वेळ लागू नये.

या तंजावूर बाणीचे वैद्यनाथ अय्यर यांच्यापाशी केरळातील पालघाटचा एक मुलगा शिकावयास आला. चेंबै वैद्यनाथ भागवतारांसारख्या गायकाची साथ करून त्याने आधीच नाव मिळवले होते. नाव झाल्यावर पुन्हा विद्यार्थी होणे सोपे नसते. पालघाट मणी अय्यर (१९१२ ते १९८१) यांनी ते केले. मद्रासची म्युझिक अकादमी १९२८ मध्ये स्थापन झाली. तिचा ‘संगीत कलानिधी’ हा बहुमान १९६६ मध्ये मणी अय्यरांना मिळाला. मृदंगवादकाला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. साथीदाराला बरोबरीचे आसन मिळण्यास इतका काळ लागला.

परंतु ज्याला आसनच मिळाले नाही असाही एक साथीदार या कथेत आहे. मृदंगाचे खोड फणसाच्या लाकडाचे. त्याची तोंडे आणि वाद्या यांसाठी गाय, शेळी आणि म्हैस या तिघांचे कातडे लागते. ते निवडणे, कमावणे, तासणे आणि त्यावर शाईचे थर चढवणे हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यत्वे दलित ख्रिस्ती कारागीर करीत आले. मणी अय्यरांचे मृदंग घडवणारे परलांदु हे त्यांतील एक. हव्या त्या नादासाठी वादक आणि कारागीर यांनी मिळून केलेली खटपट हीही तयारीच होती. गायक टी. एम. कृष्णा यांनी ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ या ग्रंथात २०२० मध्ये या कारागिरांचा इतिहास मांडला. त्याचे प्रकाशन चेन्नईच्या कलाक्षेत्र या संस्थेच्या सभागृहात व्हावयाचे होते. ती परवानगी मागे घेण्यात आली आणि समारंभ अन्यत्र करावा लागला. गोवंशाचे कातडे आणि जातीचा प्रश्न यांची उघड चर्चा अजूनही किती अवघड वाटते, हे त्यातून दिसले.

नारायणस्वामी अप्पांची विद्या आज ज्यांच्या बोटांत आहे त्यांतील बहुतेकांना मराठी येत नाही. तरीही अप्पांचे नाव आदराने घेतले जाते. विद्येचे ऋण असे मान्य करण्याची रीत त्या परंपरेत आहे. वाद्य घडवणाऱ्याचे नावही त्याच आदराने घेतले गेले, तर मृदंगाची तयारी पुरी झाली असे म्हणता येईल.