सीमेपलीकडील दंतवैद्य

इतिहासांत तहांच्या तारखा राहतात. सामान्यांच्या फेऱ्या विसरल्या जातात. १९८८ च्या आरंभीं हंगेरीनें नागरिकांस जगभर प्रवासाची मुभा दिली, तेव्हां लोक शीतकपाटें घेण्यासाठीं व्हिएन्नाच्या मारियाहिल्फर रस्त्यावर लोटले. १९८९ सालीं सीमेवरील तारांचें कुंपण निघूं लागलें, आणि पुढें उलट ओघही वाढला. शोप्रोन व मोशोनमाज्यारोवार या सीमेलगतच्या हंगेरियन गांवीं ऑस्ट्रियन मंडळी दांत बसवून घेण्यास गर्दी करूं लागली. त्याच फेरींत केस कापून, बाजारहाट करून घरीं परतूं लागली. विद्या तीच, वेतन व भाडें मात्र कमी, म्हणून दर स्वस्त. प्रवाशास आम्ही दोष देत नाहीं; परंतु जेथील दवाखाना परक्यांच्या ऐपतीवर चालतो, तेथील रहिवाशानें आपले दांत कोठें दाखवावेत, हा प्रश्नही इतिहासकारानें टिपला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.