वत्सगुल्माच्या मुलखातील चोपचिनी

वऱ्हाडातील कोणत्याही जुन्या कसब्याच्या पेठेत, मग तो कसबा वाशीम असो, कारंजा असो की रिसोड, पोटी मूल नसलेली सून आपल्या सासूबरोबर किंवा थोरल्या जावेबरोबर काष्ठौषधींच्या दुकानाची पायरी चढते, तेव्हा तिच्यासाठी बांधल्या जाणाऱ्या पुडीत शतावरी आणि अश्वगंधा असतात, शिवलिंगीच्या वेलाचे बी असते, पुत्रंजीवीच्या बियांचा मगज असतो, आणि कधीकधी चोपचिनी नावाच्या जड, फिक्या तांबूस मुळाचे तुकडेही असतात. यांपैकी पहिल्या चारही द्रव्यांची नावे आपल्या मातीतली आहेत. चोपचिनीचे मात्र नावच सांगते की ती दूरदेशाहून आलेली पाहुणी आहे. फारसी भाषेत 'चोब' म्हणजे लाकूड. दरबाराच्या दाराशी हाती दंड घेऊन उभा राहणारा चोपदार ज्या शब्दातून आला त्याच शब्दातून चोपचिनीही आली, आणि तिचा अर्थ चीनचे लाकूड एवढाच. दालचिनी आणि रेवाचिनी याच कुळातल्या. कबाबचिनी तर मुळात जावा बेटातली, परंतु पूर्वेकडून गलबतावर चढून जे जे आले ते ते चिनी, असा त्या काळच्या व्यापाऱ्यांचा ढोबळ हिशेब असल्यामुळे तिलाही ते उपपद मिळाले.

अपत्यप्राप्तीच्या आधुनिक उपचारांना चिनी वनौषधींची जोड द्यावी की न द्यावी, हा प्रश्न आज देशोदेशींच्या रुग्णालयांत एखाद्या नव्या गोष्टीसारखा चर्चिला जात असला, तरी चिनी मूळ निपुत्रिक दांपत्याच्या औषधात मिसळण्याची वहिवाट आपल्याकडे साडेचारशे वर्षांची तरी आहे. आणि ती ज्या मार्गाने आली तो मार्ग अपत्यसुखाच्या आशेतून निघालेला नसून एका लज्जास्पद मानल्या गेलेल्या रोगातून निघालेला आहे, म्हणून तो येथे थोडा सविस्तर सांगणे अवश्य वाटते.

गोव्यात स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली तेथेच छापून प्रसिद्ध केलेल्या औषधिविषयक संवादग्रंथात या मुळावर एक स्वतंत्र संवाद खर्ची घातला आहे, आणि सुमारे १५३५ साली ते गोव्यात प्रथम परिचित झाले असे तो नमूद करतो. हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी जाऊन-येऊन असे आणि तेथील हकिमांशी त्याची औषधांविषयी चर्चा चाले, तेव्हा दख्खनच्या हकिमी दवाखान्यांत या मुळाची ख्याती पोहोचण्यास गोव्याच्या बंदरापासून फार काळ लागला नसावा. युरोपातही त्याचा एवढा बोलबाला झाला की सम्राट पाचव्या चार्ल्सने वातरक्तावर त्याचा काढा घेतला आणि शरीररचनाशास्त्राचा आद्याचार्य वेसालिअस याने १५४६ साली त्यावर एक प्रदीर्घ पत्रच छापले. परंतु जगाने या मुळाचे जे कौतुक केले ते मुख्यत्वे उपदंशावरील औषध म्हणून. ज्या फिरंग्यांच्या नावावरून आपल्या वैद्यांनी त्या रोगाला फिरंगरोग हे नाव दिले, त्याच फिरंग्यांच्या व्यापारी वाटांनी रोग आणि उतारा हे दोन्ही आपल्या किनाऱ्याला लागले.

सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या भावप्रकाशात हा नवा रोग नोंदवला आणि चोपचिनीला 'द्वीपान्तर वचा', म्हणजे परद्वीपीचे वेखंड, असे संस्कृत नाव देऊन शास्त्राच्या घरात रीतसर जागा दिली. यातील उदारता मला फार मोलाची वाटते. परक्या मुलखातून आलेल्या मुळाचा गुण दिसतो आहे असे वाटताच त्याला नाव देऊन, स्थान देऊन, मात्रा ठरवून मोकळा होणारा तो वैद्य, परंपरा म्हणजे बंद कवाडे असे मानणारा नव्हता. त्याच प्रकरणात त्याने पाऱ्याचे रसकर्पूरही सांगितले आहे. म्हणजे त्या काळचा उग्र, जहाल, धोक्याचा उपचार पारा, आणि त्याच्या सोबतीला सौम्य चिनी मूळ, अशी दुहेरी योजना एकाच ग्रंथात आणि एकाच वैद्याच्या हाती होती.

आता फिरंगरोगाचा आणि रित्या पाळण्याचा संबंध काय, असे कोणी विचारील, तर तो फार निकटचा आहे. हा रोग अंगात मुरलेल्या स्त्रीचे गर्भ वारंवार गळतात, मूल मृत जन्मते किंवा जन्मून दगावते. आणि रोग बहुधा नवऱ्याने बाहेरून आणलेला असला तरी वांझपणाचा किंवा मृतवत्सेचा शिक्का घरातल्या बाईच्याच कपाळी बसत असे. त्यामुळे रक्त शुद्ध झाले की कूस उजवेल या समजुतीने चोपचिनीचा पाक नवरा-बायकोच्या पथ्यात आला, आणि मूळ रोगाची आठवण पुसली गेल्यावरही संततीच्या औषधांत तो राहून गेला. आजच्या ज्ञानाने पाहता चोपचिनीने फिरंगरोग बरा होत नाही. त्याचा खरा उतारा १९४३ साली अमेरिकेत पेनिसिलीनचा प्रयोग यशस्वी झाला तेव्हा सापडला, आणि तोवर किती घरांतून केवळ चोपचिनीच्या भरवशावर वर्षे गेली याचा विचार मनात आला म्हणजे अंतःकरण जड होते.

वाशीमचा मुलूख या कथेला अनुरूप असा आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुषाचा आणि साहित्यविद्येचा विवाह लावून दिला तो याच नगरीत. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यात बासीम नावाचे स्वतंत्र सरकार होते. पुढे निजामाचा अंमल आला, १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, वाशीम काही काळ जिल्ह्याचे ठाणे झाले, १९०५ साली ते अकोल्यात विलीन करण्यात आले आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र जिल्हा म्हणून उभे राहिले. परंतु राजवटींच्या या पालटापेक्षा मला लक्षणीय वाटते ती गोष्ट अशी की, या एकाच लहानशा जिल्ह्यात रोगमुक्तीच्या तीन जलकथा आहेत. वाशीमला कुष्ठाने पीडित असा वासुकी राजा एका कुंडात स्नान करून बरा झाला आणि त्याने तेथे पद्मतीर्थ बांधले. कारंज्याला व्याधिग्रस्त करंज ऋषीने अंबेची आराधना केली आणि तिने त्याच्यासाठी तळे निर्माण केले. शिरपूरला ईल राजाचा त्वचारोग तेथील पाण्याने गेला आणि त्यातून अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीचा शोध लागला, असे सांगतात. जेथे पाणी औषध होऊ शकते, तेथे परदेशी मुळाला औषध होण्यास आडकाठी कोण करणार?

आणि याच कारंज्यात श्रीनृसिंह सरस्वती जन्मले. त्यांच्या चरित्राचा ग्रंथ, सरस्वती गंगाधरांचे गुरुचरित्र, वऱ्हाडातल्या घराघरांतून सप्ताह लावून वाचला जातो, आणि त्याच्या एकोणचाळिसाव्या अध्यायातील साठ वर्षांच्या निपुत्रिक गंगेची कथा ऐकताना डोळ्यांना पदर न लावणारी वृद्धा मी तरी पाहिली नाही. गाणगापुरी संगमावरच्या अश्वत्थाची सेवा कर, अशी आज्ञा गुरूंनी तिला दिली आणि उतारवयात तिची कूस उजवली. या कथेत सासुरवाशिणींच्या कानी फारसा न घातला जाणारा एक तपशील आहे, तो हा की तिला प्रथम झाली ती मुलगी, आणि त्या मुलीच्या जन्माचे वर्णन कवीने आनंदाने केले आहे. पिंपळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या हजारो बायकांना हा तपशील मोठ्याने वाचून दाखवावा असे मला नेहमी वाटत आले आहे, कारण शिवलिंगी आणि पुत्रंजीवी यांच्या पुड्या आजही मूल होण्यापेक्षा मुलगाच होण्यासाठी अधिक मागितल्या जातात. गर्भाचे लिंग बीजसंयोगाच्या क्षणीच निश्चित होते. त्यानंतर कोणतेही मूळ, बी किंवा नाकात पिळलेला वडाच्या अंकुराचा रस ते पालटू शकत नाही. गर्भलिंगचिकित्सेवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला आणि १९९४ साली तो देशभरासाठी झाला. परंतु यंत्राच्या तपासणीवर कायद्याचा जसा अंकुश चालतो तसा या पुडीवर चालत नाही.

शास्त्र स्वतः या बाबतीत लोकांपेक्षा अधिक न्यायी होते. सुश्रुताने गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबु आणि बीज या चार गोष्टी सांगितल्या, आणि काळ्या रानात पेरणी करणाऱ्या वाशीमच्या कास्तकाराला त्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरजच पडत नाही: वाफसा, जमीन, पाणी, बियाणे. बियाणे उगवले नाही तर हा कास्तकार दुकानदाराकडे पावती घेऊन जातो, एकट्या जमिनीला दोष देत नाही. घरात मात्र वर्षानुवर्षे दोष जमिनीलाच दिला गेला. वाग्भटाचे फलघृत, ज्यात मंजिष्ठा, ज्येष्ठमध, त्रिफळा, शतावरी, अश्वगंधा, वेखंड, हिंग इत्यादी द्रव्ये तूप-दुधात सिद्ध होतात, ते बाईला चाटवले गेले. नवऱ्याच्या बीजाची परीक्षा करावी असे कोणाच्या मनातही आले नाही. नाशिकला १९०७ साली वैद्य संमेलनाचा पाया घालणारे शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या 'आर्यभिषक्' या ग्रंथाने औषधी ज्ञान मराठीत घरोघरी नेले खरे, पण ग्रंथ घरात आला म्हणून घरातला न्याय बदलतो असे नाही.

चीनमध्येही कथा अशीच प्राचीन आहे. सातव्या शतकातील सुन सिमियाव या वैद्याने आपल्या विशाल ग्रंथात स्त्रियांचे रोग, आणि त्यांत अपत्यप्राप्तीची औषधे, आरंभीच घातली. त्याच्यानंतरच्या शतकांत दांगग्वे नावाच्या मुळाला तेथे स्त्रीच्या औषधांत तोच मान मिळाला जो आपल्याकडे शतावरीला आहे. ज्येष्ठमध, सुंठ आणि दालचिनी तर दोन्ही देशांच्या फडताळात सारखीच आढळतात. गेल्या शतकात चीनने एक केले, जे आपण केले नाही: जुने वैद्यक आणि नवे वैद्यक यांना एकाच रुग्णालयाच्या छताखाली बसवले. त्यामुळे १० मार्च १९८८ रोजी बीजिंगमध्ये डॉ. झांग लिझू यांच्या प्रयत्नांनी चीनमधील पहिली परीक्षानलिका-बालिका जन्मली, तेव्हापासून तेथील अनेक स्त्रिया इंजेक्शन आणि काढा दोन्ही उघडपणे घेत आल्या. आपल्याकडे ही विद्या त्याआधी आली होती. जगातील पहिली परीक्षानलिका-बालिका १९७८ च्या जुलैत इंग्लंडमध्ये जन्मली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी दुसरी जन्माला आणली आणि मान्यतेऐवजी अवहेलना पदरी घेतली. आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा जन्मली. आज वाशीमकडचे जोडपे या उपचारासाठी अकोला, अमरावती, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरकडे जाते, शेत गहाण टाकूनही जाते.

त्या जोडप्याच्या पिशवीत तपासण्यांची फाइल असते आणि तिच्या तळाशी बहुधा ती पुडीही असते. फाइल डॉक्टरांपुढे उघडली जाते; पुडी उघडली जात नाही. या लपवालपवीत जो धोका आहे तो सांगताना मला कोणाचीही श्रद्धा दुखवायची नाही, पण तो सांगितलाच पाहिजे. या उपचारात संप्रेरकांची इंजेक्शने दिवस आणि तास मोजून दिली जातात, कित्येक स्त्रियांना रक्त पातळ ठेवणारी औषधेही दिली जातात. आणि दांगग्वेसारखे मूळ अशा काही औषधांचा परिणाम वाढवून रक्तस्राव घडवू शकते, ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढवते. नावांच्या घोटाळ्याचा धोका त्याहून मोठा. १९९० नंतर बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या औषधात एका चिनी मुळाऐवजी नामसाधर्म्यामुळे दुसरेच मूळ पडले आणि शंभराहून अधिक स्त्रियांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली. आपल्याकडे ज्या 'लक्ष्मणा' वनस्पतीला संततिदायिनी म्हणतात ती नेमकी कोणती याविषयी पंडितांतच एकमत नाही, तेव्हा पुडीत काय बांधले गेले हे कोणत्या बाईने सांगावे? २००४ साली अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदीय औषधांपैकी चौदांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला होता. आणि शिशाने आधी हानी होते ती गर्भाची.

गुणाविषयी म्हणाल तर आजवरचा पुरावा तोकडा आहे. अंडाशयात गाठी असलेल्या स्त्रियांना दिलेल्या चिनी वनौषधींच्या प्रयोगांचा आढावा २०१६ साली कॉक्रेन या संस्थेने घेतला, तेव्हा निश्चित निष्कर्ष काढण्याइतकी सामग्री तिला मिळाली नाही. चिनी सूचिचिकित्सेचा प्रयोग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८४८ स्त्रियांवर झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात खरी सूचिचिकित्सा घेतलेल्यांपैकी १८.३ टक्के आणि तिचा केवळ आभास दिलेल्यांपैकी १७.८ टक्के स्त्रियांना मूल झाले, म्हणजे फरक असा उरलाच नाही. तरीही सुया टोचून घेणाऱ्या किंवा काढा पिणाऱ्या बाईला कोणी अडाणी म्हणू नये. महिन्यामागून महिने जिच्या देहाचा हिशेब दुसरेच लोक मांडतात, तिला स्वतःच्या हाताने उकळलेला तो पेलाभर काढा म्हणजे आपण काहीतरी करीत आहोत याचा एकमेव आधार असतो, आणि हा आधार हिरावून घेण्याचा अधिकार कोणाला आहे असे मला वाटत नाही.

वाशीमला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. काष्ठौषधींची पेठ आणि नव्या विद्येची शाळा आता एकाच गावात आहेत. भावमिश्राच्या काळी पारा आणि चोपचिनी एकाच वैद्याच्या चिठ्ठीवर लिहिली जात, दोन्हींची मात्रा त्याला ठाऊक असे आणि दोन्हींचा जाब त्यालाच द्यावा लागे. आज केसपेपरावर वय, वजन, रक्तगट, पूर्वीची शस्त्रक्रिया यांसाठी रकाने आहेत. तेथे पुडीसाठीही एक रकाना असावा, आणि तो भरून घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी हातातली लेखणी खाली ठेवून, सासूला बाहेर बाकावर बसायला सांगून, हलक्या आवाजात विचारावे, की आणखी काय काय घेतेस, बाई, मला दाखव बरे.